घडी कुणी मोडली?

माझ्या दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘निवडक वापरलेले कपडे’ असं लिहिलंय आणि पेणमध्ये या एका पाटीवरून जेवढी डोकेफोड मला करावी लागली ना, तेवढी दुकानाच्या परवान्यासाठीसुद्धा नाही. पप्पा म्हणाले, अगं निदान इंग्रजीत लिही, जरा बरं वाटतं. आई म्हणाली, ‘वापरलेले’ हा शब्द बारीक काढ. पाटी रंगवणारा दादा तर ब्रश हातात धरून तसाच उभा, “ताई, नुसतं ‘कपडे’ लिहू?” म्हटलं नाही, वापरलेले! अगदी सगळ्यात मोठं तेच काढा!

या अंकात आपले अनुभव लिहिणारे बहुतेक रिटायर झालेले असतात, मला माहितीये, आणि माझं तर अजून सुरूही नीट झालेलं नाही. पण अनुभव म्हणाल तर माझ्याकडे एवढे साठलेत की हे मोबाइलवर टाइप करता करता बोटं दुखतील. मध्येच गिऱ्हाईक आलं तर थांबेन, पुढे चालू करेन, समजून घ्या.

तर आधी धंदा काय ते सांगते. मोठमोठ्या डिझायनरचे कपडे लोक एकदा घालतात, फोटो काढतात आणि मग ते कपाटात पडून राहतात. कपाट भरलं की बाहेर निघतात. कुठे जातात? बोहारणीकडे! ती स्टीलची भांडी देते आणि कपडे घेते. आपल्या आयांना वाटतं ते कपडे कुठेतरी गरिबांना जातात. काही जातात. पण सुती कपड्यांचे तुकडे करून ते कारखान्यांत मशीन पुसायला जातात, आणि जरीच्या साड्या जरीवाले घेतात, जाळून चांदी काढायला. म्हणजे तुमचा डिझायनर शर्ट आज कुठेतरी ग्रीस पुसतोय. मी त्याच्या आधी पोचते. बस्स, एवढाच धंदा.

पोचायला कधी कधी उशीर होतो. रोह्याला एकदा चिंध्यांच्या गोदामात मी शिरले आणि समोर एका उत्तम लोकरी कोटाची बाही कापून झाली होती. आत रेशमी अस्तर, शिंगाची बटणं. मी “थांबा!” म्हणून ओरडले, कापणारी मावशी दचकली, म्हणाली, “काय झाला? बोट गेला काय कोणाचा?” ती बटणं माझ्या गल्ल्यात आहेत अजून. कुठल्याच कपड्याला लावायला मन होत नाही.

चांगला कपडा ओळखायचा कसा, हे मला सगळेच विचारतात. लेबल बघू नका. लेबल कोणीही शिवतो. कपडा आधी उलटा करा. आतली शिवण स्वच्छ आहे का, लोंबणारे दोरे आहेत का, शिवणीत जास्तीचं कापड सोडलंय का. ज्याने पुढे कधीतरी सैल करावं लागेल म्हणून आत कापड ठेवलंय, त्याने मनापासून शिवलंय. चौकडीचा शर्ट असेल तर खिशाच्या चौकड्या छातीच्या चौकड्यांशी जुळतात का ते बघा. भरतकाम असेल तर मागून बघा. मग उजेडात धरून बगल बघा, कापड तिथेच आधी विरतं. आणि वास घ्या! डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला बरं वाटतं, म्हणजे कोणीतरी जपलेलं असतं.

गिऱ्हाइकांच्या तर कथा आहेत. एक शिक्षिका बाई येतात, नेहमी “मैत्रिणीसाठी” घेतात. मैत्रिणीचं माप अगदी त्यांचंच आहे, मैत्रीण चप्पलसुद्धा त्यांचीच घालत असणार. आणि एकदा गणपतीच्या कारखान्यातले एक काका आले. हल्ली मूर्तीला खऱ्या कापडाचं धोतर नेसवतात, फेटा बांधतात, त्यासाठी त्यांना चमकदार कापड हवं होतं. मी एक सुंदर ब्रोकेडची ओढणी काढली. काका खूश. मग विचारलं, “कोणी वापरलेली नाय ना?” म्हटलं, काका, पाटी वाचून आत आलात ना! त्यांनी ओढणी हळूच खाली ठेवली. “देवाला कोरं लागतं गो.” बरं म्हटलं. तर जाता जाता स्वतःसाठी लिननचा शर्ट घेऊन गेले. “देवाला नाय चालत. माझं काय, मला चालतं.”

हे ‘कोरं’ प्रकरण मी हसण्यावारी नेलं. पण पुढच्याच हिवाळ्यात ते माझ्यासमोर परत येऊन उभं राहिलं, आणि तेव्हा हसायला नाही आलं. तेच सांगायला बसलेय खरं तर.

रोह्याला सुंदराबाई राहतात, बोहारीण. भांड्यांची टोपली घेऊन सकाळच्या गाडीने पनवेलला जातात, तिथल्या मोठमोठ्या बिल्डिंगांमधून फिरतात आणि कपड्यांचं गाठोडं घेऊन परत येतात. आठवड्यातून एकदा मी पेणहून गाडी पकडून त्यांच्याकडे जाते आणि गाठोडी उपसते. त्या दिवशी त्यांनी एक साडी पायानेच बाजूला सरकवली.

“ती काय?”

“खोटी जर हाय तिची. जरीवाला बघून गेला, नको म्हनला. पुसायला बी कामाची नाय, रेशीम पानी पीत नाय.”

मी उचलली, आणि काय सांगू! जुन्या सोन्याच्या रंगाचं टिश्यू सिल्क, हवेसारखं हलकं, आणि काठावर हाताने भरलेल्या लोंब्या. मागून बघितलं तर एकही गाठ वर आलेली नाही. आतल्या टोकाला छोटंसं लेबल, चारही कोपऱ्यांना हाताने टाके घालून बसवलेलं. मुंबईतल्या एवढ्या मोठ्या डिझायनरची साडी की मी तिचे फोटोच फक्त बघितले होते! माझा चेहरा बघून सुंदराबाई म्हणाल्या, “आता मी काय बोलू? खोटी हाय म्हनून आधीच बोलून बसले.” मग त्यांना त्यांच्या मनासारखे पैसे दिले, तेव्हा कुठे हसल्या.

मी साडीचा व्हिडिओ दुकानाच्या पेजवर टाकला आणि तासाभरात मनालीचा फोन. मनाली म्हणजे माझं नेहमीचं गिऱ्हाईक, खांबजवळच्या एका गावातली, घरी भाताची आणि वालाची शेती, ती स्वतः धाटावला एका कंपनीत लॅबमध्ये कामाला. शिफ्ट संपवून तशीच पेणला आली. साडी हातात घेतली आणि इतर सगळ्या पोरी आधी लेबल बघतात ना, हिने काठ बघितला.

“तन्वी, ही लोंबी बघ. वाकलीये. दाणा भरल्यावरच अशी वाकते. ज्याने काढलीये ना, त्याने भात बघितलाय.”

माझ्या तर हे लक्षातच आलं नव्हतं! म्हणाली, साखरपुड्याला मी हीच नेसणार. मुलगा पेणचा, घरातले सगळे शिक्षक. त्याला तिने माझ्यासमोरच फोनवर सांगून टाकलं, साडी वापरलेली आहे, आईला सांग. तिकडून उत्तर आलं, आमचं काही नाही, तुमच्या घरी विचारा.

“घरी म्हणजे आत्याला,” मनाली म्हणाली. “तिने मला वाढवलंय. आई शेतावर, मी आत्याच्या मांडीवर. तिने नाही म्हटलं तर नाही नेसणार. पण खोटं बोलूनही नेसणार नाही. तू चल माझ्याबरोबर.”

गेले. मला कुठेही जायला काय लागतं! गावात शिरताना मनालीने मला थांबवलं. “एक सांगून ठेवते. आत्या लग्नानंतर वर्षाच्या आत नवऱ्याचं घर सोडून परत आली. का ते कोणी विचारत नाही, ती सांगत नाही. तिच्यासमोर हा विषय नको.” म्हटलं, मी कशाला काढतेय हा विषय? मी साडी विकायला चाललेय.

आत्या ओटीवर भिजवलेले वाल घेऊन बसल्या होत्या, डाळिंब्या सोलत. बोटात धरलं की टचकन साल बाजूला, डाळिंबी परातीत. शेजारी मनालीची आई, ती काहीच बोलत नव्हती. मी साडी उलगडली, शिवण दाखवली, मागची बाजू दाखवली, माझी टकळी चालूच. आत्यांनी हात न लावता सगळं बघितलं.

“कापड चांगला हाय. पण आमच्या घरात कोणाच्या अंगावरचं उतरलेलं नेसत नाय.”

“आत्या, धुऊन, इस्त्री करून...”

“इस्त्रीनं काय व्हतं गो? घडी तर मोडलेलीच हाय ना?”

मला वाटलं संपलं. पण आत्या सोलता सोलता थांबल्या. “घडी मोडनं तुला ठाऊक हाय काय? नवी साडी आनली की पयली आपन नाय नेसायची. आपली कोनीतरी असते, बहीन, जाऊ, मैतरीन, तिला द्यायची. म्हनायचं, तू घडी मोड. ती नेसते, फिरते, मग आपन नेसायची. तिचं चांगलं आपल्याला लागतं. म्हनून घडी मोडनारी बघून निवडायची. कसली बाई हाय, सुखाची हाय का. आता ह्या साडीची घडी कोनी मोडली? कशी बाई व्हती? सांग मला. मग बघू.”

तुम्हाला खरं सांगते, त्या क्षणी माझ्या तोंडाशी एक बाई तयार होती. पनवेलची, गुणी, दोन मुलं, नवरा प्रेमळ, सासू तर त्याहून प्रेमळ. एक वाक्य बोलले असते की काम झालं असतं. पण मग दुकानाची पाटी पुसावी लागली असती, नाही का?

“माहीत नाही,” मी म्हणाले. “पण शोधून सांगते.”

मनालीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला वेड लागलंय. लागलंच होतं. कपडे विकणारा कोणी कधी मागे जाऊन बघतो का, की हे कोणाचं होतं? आमच्या धंद्यात तो प्रश्नच नसतो. पण मी हट्टाला पेटले होते. सरळ रोह्याला सुंदराबाईंच्या दारात.

सुंदराबाईंना माणसांची नावं आठवत नाहीत, भांडी आठवतात. साडी बघून त्या डोळे मिटून बसल्या. “ही... कडीचा डबा. मोठा. झाकन घट्ट बसतं का म्हनून ती बाई बराच वेळ उघडझाप करीत व्हती. तळ्याच्या बाजूची बिल्डिंग. तिसरा माळा.” दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गाडीत, त्यांच्या मांडीवर पातेली, माझ्या मांडीवर साडी. जिते स्टेशन गेलं तरी त्या बडबडत होत्या, “मी डोकीवर टोपली घेऊन जाते म्हनून दार उघडतात. तुला बघून चोर समजतील.”

दार एका बाईंनी उघडलं, चाळिशीतल्या असतील, हाताला पीठ लागलेलं. सुंदराबाईंना ओळखलं. मी साडी पुढे केली आणि एका दमात सगळं सांगितलं, साखरपुडा, आत्या, घडी, सगळं. त्या ऐकत राहिल्या आणि मग जोरात हसायला लागल्या.

“म्हणजे साडीचं स्थळ बघायला आलात? पत्रिका पण दाखवू का तिची?”

मी पण हसले. मग त्यांनी आत बोलावलं, चहा दिला. कडीचा डबा ओट्यावर होता, त्यातूनच साखर काढली. सुंदराबाईंनी मला कोपर मारलं. बघ, बोल्ले ना!

“माझ्या रिसेप्शनची साडी,” त्या बाई म्हणाल्या. “एकदाच नेसले. त्या दिवशी मी खूप नाचले होते, हे सांगा त्या आत्यांना. पण ते लग्न टिकलं नाही. मी सोडून आले. हेही सांगा. एकच सांगून दुसरं लपवू नका.”

“आता तुम्ही...?” मी विचारलं.

“आता बरी आहे. दिसत नाही का?”

दिसत होतं की. पण जगातल्या सगळ्या बायकांमध्ये ही साडी नेमकी नवरा सोडून आलेल्या बाईची निघावी! आत्यांसमोर जो विषय काढायचा नाही, तोच मी साडीत गुंडाळून घेऊन जाणार होते.

परतीच्या गाडीत सुंदराबाई म्हणाल्या, “नको सांगू गो. सांग, बाई सुखात हाय. खोटं हाय काय? हाय की सुखात. चहात साखर किती घातली बघितलंस ना?”

मी नागोठण्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. सुंदराबाईंचं बरोबर होतं. खोटं नव्हतंच. पण अर्धं होतं, आणि अर्धी गोष्ट मला कोणाला विकता येत नाही. मी शर्ट विकते तेव्हा कॉलरवरचा डाग स्वतः उलटून दाखवते. मग इथे का नाही?

रोह्याला उतरले, मनालीला तिच्या शिफ्टवरून घेतलं आणि वाटेत तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “सांगू. तू सुरुवात कर, मी आहे.”

ओटीवर पुन्हा वाल. या लोकांच्या घरी हिवाळ्यात दुसरं काही होत नाही वाटतं. मनालीची आई, आत्या, परात. मी बसले आणि या वेळी पाल्हाळ न लावता सांगितलं. त्या ताई कशा आहेत, कशा हसल्या, रिसेप्शनला कशा नाचल्या. आणि मग, की त्या नवऱ्याला सोडून आल्या.

टचकन साल निघायचा आवाज थांबला.

मनालीचा हात माझ्या हातात होता. आत्या परातीकडे बघत होत्या. मला वाटलं आता उठून आत जातील आणि या घराचं दार मला कायमचं बंद. तेवढ्यात मनालीची आई बोलली. आल्यापासून पहिल्यांदा.

“वन्सं, माज्या साड्यांची घडी कोनी मोडली?”

आत्यांनी परातीतला एक वाल उचलला आणि परत ठेवला.

“सांगा की या पोरींना. माज्या लग्नानंतरची पयली साडी. मनालीच्या बारशाची. भावानं भाऊबीजेला आनलेली. सगळ्यांची घडी तुमीच मोडलीत. तुमी परत आल्यावर बी. बाया मला बोल लावायच्या, हिच्याकडनं मोडून घेऊ नको म्हनायच्या.”

“मी बी तेच म्हनायचे,” आत्या हळू म्हणाल्या. “तू ऐकायची नाय.”

“मग काय वाईट झालं माजं? तुमच्या भावासारखा नवरा टिकला, हेच काय ते दुखनं.”

आत्या हसल्या! मनाली पण हसली, मी तर रडतच हसत होते. मग आत्यांनी पदराला हात पुसले, चांगले घासून घासून पुसले, आणि पहिल्यांदा त्या साडीला हात लावला. काठावरून बोट फिरवत गेल्या. लोंबीशी थांबल्या. “वाकलेली काढलीये,” म्हणाल्या. पोरगी कोणावर गेलीये ते मला तेव्हा कळलं.

“त्या बाईचं नशीब कापडाला लागत असतं,” आत्या म्हणाल्या, “तर माजं हिला लागलं असतं. नेस गो पोरी. नेस.”

मला वाटलं झालं, उड्या मारायच्या! पण मनाली जागची हलली नाही. तिने साडी उचलली, इस्त्रीच्या घडीतच, आणि आत्यांच्या मांडीवर ठेवली.

“मी नाही. आधी तू. घडी मोड.”

“मी? ह्या वयात ह्ये चमचमतं? लोक हसतील.”

“आईला हसले तेव्हा तिने ऐकलं का?”

आत्या नाही नाही म्हणत राहिल्या आणि वहिनीने त्यांना दंडाला धरून आत नेलं. आतून कुजबूज, हसणं, “निरी धर ना नीट,” “अगो सुळसुळतंय किती,” “आरसा कुठं ठेवलास?” आणि मग आत्या बाहेर आल्या.

मी आजपर्यंत त्या डिझायनरच्या साड्या मॉडेलच्या अंगावरच बघितल्यात. इथे आत्यांच्या पायात काही नाही, केस तेल लावून बांधलेले, खाली घरातलंच सुती पोलकं, आणि वर ते जुनं सोनं. ओटीवर उन्हाची तिरीप होती, ती सगळी साडीने उचलून घेतली. शेजारच्या काकू कुंपणापाशी थांबल्या. “काय गो, कुठं लग्नाला?”

“कुठं नाय,” आत्या म्हणाल्या. “घरातच हाय.”

मग एक फेरी अंगणात मारली, तुळशीपर्यंत, आणि परत येऊन, अहो, परातीसमोर खाली बसल्या! पदर खोचला आणि वाल सोलायला घेतले. वालाचं ते बुळबुळीत पाणी, आणि त्याच्यावर टिश्यू सिल्क! माझा जीव वर-खाली. मी किंचाळलेच, “आत्या, डाग पडेल! आत्या, साडी!”

आत्यांनी मान वर केली नाही. टचकन एक साल बाजूला काढलं.

“पडंल तर पडू दे. वापरलेलीच हाय ना?”